पीएच ८.४ च्या रानात गव्हाला गंधक किती टाकावं? आधी वरचं आणि खालचं रान वेगळं करा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नेवासा तालुक्यात तीन एकर काळं रान, विहीर आणि अधूनमधून कॅनॉलचं आवर्तन, कपाशी उपटून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गहू, एकरी ९-१० क्विंटलवर अडकलाय. माती रिपोर्टात पीएच ८.४, ईसी (क्षारांचं प्रमाण) ०.६, सेंद्रिय कर्ब ०.४२, मुक्त चुना ९ टक्के. पहिल्या पाण्यानंतर गहू पिवळा पडतो, आणि खालच्या अर्ध्या एकरात पाणी तुंबतं, तिथं उगवणच धड होत नाही. दुकानदार म्हणतो एकरी २५ किलो दाणेदार गंधक टाका, पीएच ७ वर येईल. मोबाईलवर कुणीतरी १०० किलो सांगतंय. तुम्ही तीन बॅगा आणूनही ठेवल्यात आणि विचारताय नक्की किती टाकू.

पीएच ७ वर आणायला किती लागेल ते आधी सांगतो, एकरी २६ टन. किलो नाही, टन. हिशोब साधा आहे. एक एकराची वरची १५ सेंटीमीटर माती साधारण ९ लाख किलो भरते. तिच्यात ९ टक्के चुना म्हणजे ८१ हजार किलो. एक किलो गंधकाचं पूर्ण आम्ल झालं तर ते तीन किलोच्या थोडा वर चुना विरघळवतं. आता २५ किलोनं किती चुना जाईल ते काढा, ७५-८० किलो, म्हणजे हजारातला एक भाग. रांजणभर चुन्याच्या निवळीत एक लिंबू पिळल्यासारखं आहे ते. आणि मातीत चुना शिल्लक आहे तोवर पीएच आठ-सव्वाआठच्या खाली फारसा उतरत नाही, आम्ल आलं की चुना ते खाऊन टाकतो. आपल्या दख्खनच्या बेसाल्टवरच्या काळ्या मातीचा हा स्वभावच आहे, तो काही रोग नाही. सगळ्या पट्ट्यात ८ ते ८.५ पीएचवर गहू येतोय आणि चांगला येतोय. तुमचा गहू ८.४ मुळे अडलाय असं मला तरी वाटत नाही.

मग गंधकाचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तीन वेगळ्या कामांसाठी आहे आणि दुकानात ती तिन्ही कामं एकाच बॅगेवर चिकटवून विकतात. एक, गव्हाला खायला. दोन, मुळाजवळ खताच्या ओळीत बारीक बारीक जागी आम्ल तयार होऊन स्फुरद, जस्त, लोह थोडं मोकळं व्हायला. तीन, चोपण म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या जमिनीची दुरुस्ती. पहिल्या दोन कामांना किलोत गंधक लागतं, तिसऱ्याला क्विंटलात आणि टनात. तुमच्या वरच्या अडीच एकराला पहिली दोन कामं पुरेत, खालच्या अर्ध्या एकराला कदाचित तिसरं लागेल. कदाचित म्हणतोय कारण तुम्ही सगळ्या तीन एकराचा मिळून एकच नमुना दिलाय, आणि तिथंच घोळ आहे. वरच्या रानाचा पीएच ८.२ आणि खालच्याचा ९.१ असेल तर एकत्र मातीत खालचं दुखणं झाकून जातं, रिपोर्ट ८.४ च्या आसपास येतो आणि दोन्ही रानं सारखीच वाटायला लागतात.

हा गोंधळ कुठून सुरू झाला तेही सांगतो. कृषीच्या पुस्तिकांमध्ये वर्षानुवर्षं एक ओळ आहे, चोपण जमीन सुधारायला जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) वापरा, पण चुना जास्त असेल तर जिप्समऐवजी गंधक वापरा. ओळ बरोबरच आहे. चोपण म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला, त्याला हुसकायला कॅल्शियम पाहिजे. चुन्यात कॅल्शियम भरपूर आहे पण तो विरघळत नाही. गंधकाचं आम्ल झालं की ते चुना विरघळवतं, जागेवरच जिप्सम तयार होतं, त्यातला कॅल्शियम सोडियमला ढकलतो आणि तो सोडियम पाण्याबरोबर खाली निघून गेला पाहिजे. म्हणजे तिथं चुना हा शत्रू नाही, कच्चा माल आहे. पण ही ओळ तोंडोतोंडी होत होत 'चुना आहे ना, मग गंधक टाका' एवढीच उरली. चोपण हा शब्द वाटेत गळून पडला.

तेव्हा खालचा तुकडा चोपण आहे का हे आधी बघा. खर्च शून्य आहे. खालच्या रानातली सुपारीएवढी वाळकी ढेकळं दोन-तीन घ्या, तशीच वरच्या रानातली घ्या, काचेच्या दोन वेगळ्या ग्लासात फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी घेऊन अलगद सोडा. विहिरीचं पाणी नको, त्यातल्या क्षारांमुळं परीक्षा फसते. हलवायचं नाही, ढवळायचं नाही, रात्रभर ठेवायचं. ढेकूळ नुसतं फुटून तळाशी पडलं आणि वर पाणी निवळ राहिलं तर ठीक आहे, काळी माती फुटतेच. पण ढेकळाभोवती धुरासारखा ढग पसरला आणि सकाळीही पाणी चहासारखं गढूळ असेल तर सोडियम आहे असं समजा. रानातही खुणा असतात. पाऊस पडून गेल्यावर डबक्यातलं पाणी दिवसेंदिवस गढूळच राहतं, सुकलं की वर फरशीसारखा पापुद्रा येतो, नांगराला दगडासारखं लागतं आणि ओलं असताना पायाला साबणासारखं चिकटतं. पांढरी फूट मात्र वेगळी गोष्ट. ती क्षारांची, ईसीची. तिथं गंधक नाही, जिप्सम नाही, आधी निचरा आणि मग चांगल्या पाण्यानं धुणं, एवढंच. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात माती आणि भूजल दोन्हीत क्षार आहेत, तिथल्या शेतकऱ्यानं माझं हे उत्तर जसंच्या तसं लावू नये.

खालच्या तुकड्याचा वेगळा नमुना द्या आणि लॅबला स्पष्ट सांगा की पीएच-ईसी सोबत विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) आणि जिप्समची गरज काढून द्या. नेहमीच्या रिपोर्टात ते नसतं, मागावं लागतं. सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि पीएच ८.५ च्या वर आला तर चोपण पक्की. मग जिप्सम की गंधक हा प्रश्न येतो. रासायनिक हिशोबानं एक टन गंधक म्हणजे साडेपाच टनाच्या आसपास शुद्ध जिप्सम, त्यामुळं वाहतुकीला गंधक हलकं पडतं. पण जिप्सम टाकल्या टाकल्या पाण्यात विरघळायला लागतं, गंधकाला आधी जिवाणूंनी खाऊन त्याचं आम्ल करावं लागतं, त्याला ओल, हवा आणि ऊब लागते आणि वेळ लागतो. शिवाय चोपण जमीन म्हणजे हवा कोंडलेली, सेंद्रिय कर्ब कमी, म्हणजे त्या जिवाणूंची पण उपासमारच. म्हणून चुना असला तरी मी स्वतः पहिल्या वर्षी लॅबनं सांगितलेल्या गरजेच्या निम्मं जिप्समच सुचवतो, मे महिन्यात वरच्या १०-१५ सेंटीमीटरमध्ये मिसळून, आणि त्याच्यासोबत शेणखत. गंधक पुढच्या वर्षी बघू. यावर सगळे माझ्याशी सहमत नाहीत, चुना जास्त असेल तिथं थेट गंधकावर जाणारेही जाणकार आहेत आणि त्यांचीही रानं सुधारलेली मी बघितलीत, त्यांना घाई नसते एवढाच फरक.

आणि हे सगळं करायच्या आधी चर. हे लिहायचं कंटाळा येईपर्यंत लिहिलंय तरी परत लिहितो. खालच्या बाजूला पाणी बाहेर काढायला जागा नसेल तर हुसकलेला सोडियम जाणार कुठं? तिथंच बसणार, उन्हाळ्यात परत वर येणार. तुमचं रान उताराच्या टोकाला आहे, वरून तुमच्याच वाफ्यांचं आणि बहुतेक शेजाऱ्याचं पण पाणी तिथं मुरतंय. दीड-दोन हात खोल चर काढून ओढ्याला लागत असेल तर काढा, लागत नसेल तर शेजाऱ्याशी बोलावं लागेल, ते माझ्या हातात नाही. चर झाल्यावर पावसाळ्यात तिथं धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा, ४५-५० दिवसांनी गाडा. तो असल्या रानातही येतो आणि त्याची मुळं माती मोकळी करतात. यंदा त्या अर्ध्या एकरात गहू पेरूच नका असं माझं मत, बियाणं आणि खत दोन्ही वाया. कर्नालच्या संशोधन संस्थेच्या केआरएल २१० सारख्या क्षार सोसणाऱ्या गव्हाच्या जाती आहेत, पण त्या उत्तरेच्या थंडीसाठी निवडलेल्या, आपल्याकडं त्यावर विसंबू नका.

आता वरचं अडीच एकर. इथं माझी स्वतःची फजिती सांगतो म्हणजे मुद्दा लक्षात राहील. मी माती तपासणीच्या कामाला नवीन नवीन लागलो तेव्हा घरच्या रानात १० गुंठ्यांत ५० किलो दाणेदार गंधक टाकलं, म्हणजे एकरी २०० किलो झालं. नोव्हेंबरात गहू पेरल्यावर वरून फेकलं, वडील बघत होते, काही बोलले नाहीत. मार्चमध्ये गहू काढताना पिवळे दाणे जसेच्या तसे जमिनीवर दिसत होते, एक दाणा उचलून वडिलांनी माझ्या हातावर ठेवला. पीएच आधी ८.३, नंतरही ८.३. चूक दोन ठिकाणी होती. थंडीत ते जिवाणू सुस्त असतात, २५-३० अंशांच्या पुढं त्यांचं काम जोरात चालतं. आणि गंधक वर उघडं पडलं तर त्याला ओलच मिळत नाही. दाणेदार गंधक बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीत बांधलेलं असतं, तो दाणा पाणी पिऊन फुगतो, फुटतो आणि मगच गंधकाची पूड मोकळी होते, कोरड्या पृष्ठभागावर तो गोटीसारखा पडून राहतो. म्हणून दाणेदार गंधकाची खरी वेळ मे-जूनची, पावसाच्या तोंडावर, वखरानं मातीत मिसळून. खरिपाचं पीक त्यातलं थोडं खातं आणि नोव्हेंबरपर्यंत उरलेलं गव्हाच्या कामाचं होऊन बसतं.

पण तुम्हाला यंदाच्या गव्हाला पाहिजे, आणि आत्ता ऑक्टोबर चाललाय. त्याला सरळ रस्ता आहे, सल्फेटच्या रूपात गंधक द्या, ते जिवाणूंची वाट बघत नाही. डीएपी सोडा आणि सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी १२०:६०:४०, म्हणजे एकरी ४८ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १६ किलो पालाश. २४ किलो स्फुरदाला सुपरच्या ५० किलोच्या तीन गोण्या लागतात आणि त्या तीन गोण्यांतून तुम्हाला १६ किलोच्या वर गंधक फुकटात येतं, वर कॅल्शियम. एक टन गव्हाच्या पिकाला साधारण ४ किलोच्या आसपास गंधक लागतं, तुम्ही १५ क्विंटल काढले तरी ६-७ किलोत काम भागतं. मग वेगळ्या गंधकाची बॅग कशाला? डीएपीतून येणारं नत्र मात्र गेलं, ते युरियातून भरा, एकरी एकूण १०० किलोच्या थोडा वर युरिया बसेल, अर्धा पेरताना आणि अर्धा पहिल्या पाण्याला. असल्या चुन्याच्या जमिनीत युरिया ओल्या मातीवर उघडा ठेवला तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं, तेव्हा टाकला की लगेच पाणी किंवा मातीआड. सुपर पाभरीनं बियाण्याच्या खाली-शेजारी पडेल असं द्या, फेकून देऊ नका, चुना स्फुरदाला धरून ठेवतो.

डीएपीच मिळालं किंवा तेच टाकायचं असेल तर मग तुमच्या बॅगेतलं दाणेदार गंधक एकरी १०-१२ किलो, पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळून. त्यानं रिपोर्टातला पीएच हलणार नाही, हलावा अशी अपेक्षाही ठेवू नका. दाण्याच्या आजूबाजूला नखाएवढ्या जागेत आम्ल होतं आणि तिथं आलेल्या मुळाला थोडं जस्त-लोह मिळतं, फायदा असलाच तर तो तिथं. आणि रिपोर्टात उपलब्ध गंधक लिहिलंय का बघा, १० पीपीएमच्या वर असेल तर गव्हाला तेवढ्यासाठी काही द्यायची गरजच नाही.

पिवळेपणाबद्दल. पहिल्या पाण्यानंतर पिवळा पडतो असं तुम्ही लिहिलंय, त्यात मला गंधकापेक्षा पाणी जास्त दिसतंय. भारी काळ्या रानात १८-२१ दिवसांचं पाणी वाफा तुडुंब भरून दिलं की आठ-दहा दिवस वाफसाच येत नाही, मुळांना हवा नाही, वर थंडी, गहू पिवळा. वाफसा आला की तो आपोआप हिरवा होतो आणि त्या दरम्यान ज्यानं जे फवारलं असेल त्याला श्रेय मिळतं. वाफे लहान करा आणि ते पाणी हलकं द्या. तरीही पिवळा राहिला तर पान बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी तर नत्र. वरची कोवळी पानं सगळी एकसारखी फिकट तर गंधक. कोवळ्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधले पट्टे पिवळे-पांढरे तर लोह, चुन्याच्या रानात हे फार. लोहाला १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर लिंबूसत्व घालून फवारा, आठ-दहा दिवसांनी परत. फेरस सल्फेट नुसतं जमिनीत टाकलं तर चुना ते दोन दिवसांत निरुपयोगी करतो, द्यायचंच तर शेणखतात मुरवून. जस्ताला पेरताना एकरी ८-१० किलो झिंक सल्फेट, सुपरमध्ये कालवू मात्र नका.

थोडक्यात आत्तापर्यंतचं धरून ठेवा: वरच्या रानाला सुपरच्या तीन गोण्या आणि हलकं पहिलं पाणी, खालच्याला ग्लासची परीक्षा, वेगळा नमुना आणि चर, आणि पीएच उतरवायचा नाद दोन्हीकडं सोडा.

एक गोष्ट राहिली जी कुणी विचारत नाही, विहिरीचं पाणी. त्याचा रिपोर्ट तुम्ही दिला नाही. समजा त्यात बायकार्बोनेट लिटरला ५ मिलीइक्विव्हॅलंट आहे, आपल्याकडच्या विहिरींना हा आकडा काही नवलाचा नाही. गव्हाला पाच पाण्यात एकराला १२ लाख लिटर पाणी गेलं असं धरा. त्या पाण्याबरोबर ३०० किलो चुन्याच्या तोडीचा विम्लपणा (आम्लाच्या उलटा गुण) एका हंगामात रानात उतरतो. त्याला नुसतं बरोबरीत मारायला जवळपास १०० किलो गंधक पाहिजे, दरवर्षी. तुम्ही एका हातानं २५ किलो टाकताय आणि दुसऱ्या हातानं मोटर चालू करून त्याच्या चौपट उलटं आणताय. त्यातही बायकार्बोनेट जर पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त असेल तर ते उरलेलं सोडियमचं असतं आणि तेच जमीन हळूहळू चोपण करतं. रिपोर्टात ते आरएससी नावानं येतं. सव्वाच्या आत असेल तर निश्चिंत राहा, अडीचच्या वर असेल तर ते पाणी एकटं देऊ नका, कॅनॉलच्या पाण्यात मिसळून द्या नाहीतर जिप्सम लावा. माझा अंदाज आहे की तुमच्या खालच्या तुकड्याची गोष्ट या पाण्यापासूनच सुरू झालीय, पण रिपोर्ट बघितल्याशिवाय हा अंदाजच.

पेरणीचं पण बोलतो, नाहीतर सगळं खतावर ढकलल्यासारखं होईल. बागायती गव्हाची वेळ नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. तुम्ही पेरता डिसेंबरच्या मध्याला, म्हणजे दाणा भरायच्या वेळी मार्चचं ऊन. तुमचे कमी पडणारे निम्मे क्विंटल तिथं जात असतील तर मला नवल वाटणार नाही. कपाशीची शेवटची वेचणी सोडवत नाही हे मान्य, भाव बरा असला तर मीही सोडणार नाही. मग निदान उशिराची जात घ्या, निफाडची एनआयएडब्ल्यू ३४ किंवा फुले समाधान, आणि बियाणं एकरी ५०-६० किलो.

आणलेल्या तीन बॅगा परत करायला जाऊ नका, दुकानदार घ्यायचा नाही. जूनमध्ये वरच्या रानात सोयाबीन घेणार असाल तर त्याला एकरी १०-१२ किलो द्या, तेलबियांना गंधक मानवतं, आणि उरलं तर चर झाल्यावर खालच्या तुकड्यात शेणखताबरोबर जिरवा. तोवर बॅगा कोरड्या जागी ठेवा आणि कडब्याच्या गंजीपासून लांब. गंधक पेटतं, त्याचा धूर छातीत बसतो, आणि टाकताना वाऱ्याची दिशा बघून डोळ्यांवर चष्मा नाहीतर निदान पाठमोरं उभं राहून टाका. विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आला की आकडे इथंच टाका, मग खालच्या तुकड्याचं पुढं बघू.